फुरसुंगी आत, फुरसुंगी बाहेर : पुण्याच्या हद्दवाढीची पार्श्वभूमी

पुण्यात कुणी ‘२३ गावे’ म्हणाले की आधी कुठली ते विचारून घ्यावे लागते. १९९७च्या हद्दवाढीतून शिल्लक राहिलेली २३ वेगळी आणि ३० जून २०२१ रोजी महापालिकेत आलेली २३ वेगळी. पहिल्या यादीत बाणेर, बालेवाडी, खराडी, वारजे, कात्रज; दुसरीत वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी बुद्रुक. मध्ये २०१७ची ११ गावे आहेत. ती ११ आणि नंतरची २३ मिळून ‘३४ गावे’ हा तिसरा आकडा कागदोपत्री रुळला. बातमी टेकड्यांच्या आरक्षणाची असेल तर बहुधा जुनी तेवीस, टँकरची असेल तर नवी तेवीस, मिळकतकराची असेल तर चौतीस. त्या चौतिसांतली दोन गावे २०२४ मध्ये बाहेर पडली, तरी तोंडी आकडा चौतीसच राहिला आहे.

ही दोन गावे म्हणजे फुरसुंगी आणि उरुळी देवाची. (सोलापूर रस्त्यावरचे उरुळी कांचन ते हे नव्हे.) त्यांचे आत येणे आणि बाहेर जाणे समजून घ्यायचे तर मागे १९९७ पर्यंत जावे लागते, मात्र तिथे फार रेंगाळण्याचे कारण नाही.

११ सप्टेंबर १९९७ रोजी ३८ गावे एकदम महापालिकेत आली. शहराच्या कडेने बांधकामे वाढत होती, ग्रामपंचायतींच्या आवाक्याबाहेर जात होती, हे कारण तेव्हाही खरे होते. विरोधही लगेच झाला. घरपट्टी वाढेल आणि जमिनीवर आरक्षणे पडतील ही भीती शेतकऱ्यांत होती, ग्रामपंचायती गेल्याने स्थानिक पुढारीही दुखावले होते. दरम्यान राज्यातली सत्ता बदलली. २००१ मध्ये १५ गावे पूर्ण आणि ५ गावांचे काही भाग पुन्हा वगळले गेले. नियोजनाच्या नजरेने या वगळण्याचा खुलासा करता येत नाही, राजकारणाच्या नजरेने सहज करता येतो.

पूर्ण वगळलेल्या गावांपेक्षा अर्धवट वगळलेल्यांची कथा जास्त बोलकी आहे. लोहगाव, धायरी अशा गावांतून हद्दीची रेघ गेली. रेघेच्या आत विकास आराखड्याचे नियम, बाहेर सातबारा आणि ग्रामपंचायतीची नोंद. बाहेरच्या बाजूला जमीन गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली, दहा-बारा फुटी बोळ सोडून चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि सांडपाणी जवळच्या ओढ्यात गेले. सोळा वर्षांनी हे भाग परत आले तेव्हा यादीत त्यांच्यापुढे ‘उर्वरित’ असे लिहिलेले होते. तोवर आराखडा आखायला मोकळी जमीनच फारशी उर्वरित नव्हती.

जे आत राहिले त्यांचेही फार बरे चालले होते असे नाही. जुन्या २३ गावांचा आराखडा टप्प्याटप्प्याने मंजूर होत राहिला, आणि त्यातला सगळ्यात मोठा तिढा, टेकड्यांवरच्या ९७८ हेक्टरांचे जैवविविधता उद्यान अर्थात बीडीपी, सुटायला २०१५ उजाडले. तेव्हा आरक्षण कायम झाले आणि जमीनमालकांना ८ टक्के टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) देण्याचे ठरले. मालकांना हा मोबदला नाममात्र वाटला, टेकडीप्रेमींना विजय वाटला, आणि जमिनी बहुतांश खासगी मालकीच्याच राहिल्या. पाण्याचे तर विचारूच नका. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीत पुरेसे पाणी नसल्याने उच्च न्यायालयाने तिथल्या नव्या बांधकाम परवानग्यांना लगाम घातला. गाव हद्दीत येऊन तेव्हा १९ वर्षे झाली होती.

हे सगळे डोळ्यांसमोर असताना पुढची हद्दवाढ हवी कुणाला होती? आश्चर्य वाटेल, पण गावांनाच. २००१ला बाहेर राहिलेल्या पट्ट्यात तोवर शेतकऱ्यांपेक्षा फ्लॅटधारक जास्त झाले होते. त्यांना पाणी, कचरागाडी आणि बस हवी होती. २०१४च्या मे महिन्यात ३४ गावे घेण्याची प्रारूप अधिसूचना निघाली आणि पडून राहिली. हवेली तालुक्यातली कृती समिती उच्च न्यायालयात गेली. राज्य सरकारने तिथे सांगितले की ११ गावे आत्ता घेऊ, बाकीची तीन वर्षांत. त्याप्रमाणे ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आली : दोन्ही आंबेगावे, उंड्री, शिवणे, उत्तमनगर, केशवनगर, साडेसतरा नळी, लोहगाव आणि धायरीचे उर्वरित भाग, आणि फुरसुंगी व उरुळी देवाची.

या यादीतल्या शेवटच्या दोन गावांचा शहराशी संबंध मात्र हद्दीच्या किती तरी आधीपासूनचा होता, आणि तो एकतर्फी होता. कोथरूडचा कचरा डेपो बंद करताना शहराने पूर्वेला, याच गावांत, १६३ एकरांची जागा धरली आणि नव्वदच्या दशकापासून पुण्याचा कचरा तिथे उघड्यावर पडू लागला. (कोथरूडच्या जुन्या डेपोच्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. पश्चिमेच्या कचऱ्याचे नशीब उघडले, पूर्वेच्या नाही.) विहिरी आणि बोअर खराब झाल्या. पर्यायी पाणीपुरवठा योजनेचे आश्वासन मिळाले, ती वर्षानुवर्षे रखडली आणि गावात टँकर धावत राहिले. डेपोवर प्रक्रिया प्रकल्प आले, काही बंद पडले. कचऱ्याचे ढीग मातीखाली झाकण्याचे, म्हणजे कॅपिंगचे कामही झाले. उघड्यावर कचरा टाकणे अमुक तारखेला थांबेल असे शब्द अनेकदा दिले गेले आणि अनेकदा मोडले गेले. गावकरी रस्त्यात बसायचे, गाड्या अडायच्या, शहरातल्या पेट्या ओसंडायच्या, मुंबईत बैठक व्हायची, गाड्या सुटायच्या. २०१७च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली तेव्हा हे नाट्य सुमारे तीन आठवडे चालले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत गावे हद्दीत आली.

तेव्हा एक तर्क ऐकू यायचा की डेपो शहराचा, तर डेपोचे गावही शहराचे असू द्या, म्हणजे निदान हक्काने भांडता येईल. तो तर्क चुकीचा नव्हता. पण अकरा गावांना मिळून नगरसेवक मिळाले दोन, तेही पोटनिवडणूक होऊन २०१९ मध्ये. हक्काने भांडायला माणसेच दोन.

आत आल्यावर काय झाले? तीन नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, हाती घेतल्या गेल्या : एक उरुळी देवाचीत, दोन फुरसुंगीत. पुण्यात किती तरी दशकांनी होणाऱ्या या योजना. मालकांची जमीन एकत्र करायची, रस्ते-उद्यानांची जागा काढून घ्यायची आणि उरलेले भूखंड नीट आखून परत द्यायचे. गुंठेवारीने विस्कटलेल्या पट्ट्याला यापेक्षा चांगला इलाज नाही, असे मला वाटते. हरित लवादाच्या आदेशांनंतर जुन्या कचऱ्याचे बायोमायनिंग, म्हणजे साचलेले ढीग उकरून त्यातला कचरा वेगळा करण्याचे कामही सुरू झाले. पण गावात बोलले जात होते ते मिळकतकराबद्दल. या भागात, विशेषतः मंतरवाडीच्या आजूबाजूला, गोदामे आणि कापडाची मोठी दुकाने आहेत. ग्रामपंचायतीच्या काळात त्यांची पट्टी किरकोळ होती. महापालिकेचा दर टप्प्याटप्प्याने लागू होत गेला, बिनपरवाना बांधकामांवर जादा आकारणी आली आणि बिले लाखांत गेली. पाणी टँकरचे, डेपो दारात, आणि वर नोटीस. ही चीड खरी होती.

चीड खरी असली तरी तिच्यावर काढलेला तोडगा मात्र विचित्र होता. ६ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईतल्या बैठकीत ठरले की ही दोन गावे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करायची. अकरांतली बाकीची नऊ नाहीत, २०२१ची तेवीस नाहीत, फक्त ही दोन. ही मागणी त्या भागातल्या एका माजी मंत्र्यांनी लावून धरली होती आणि त्या वेळी त्यांचा पक्ष सत्तेत होता.

कायद्याप्रमाणे हद्द बदलताना महापालिकेचे मत घ्यावे लागते. पण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने राज्याच्या निर्णयावर मत द्यायचे. २०२३च्या सुरुवातीला त्याने संमती दिली. ३१ मार्च २०२३ला प्रारूप अधिसूचना निघाली, हरकती-सूचना झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे होते की दोन-तीन लाखांच्या वस्तीला स्वतःची संस्था मिळाली तर निर्णय जवळ होतील आणि कर परवडेल. विरोध करणारे विचारत होते की ज्या संस्थेकडे अजून इमारत नाही, अभियंते नाहीत, पाण्याचा हक्काचा कोटा नाही, ती टीपी स्कीम पुढे कशी नेणार आणि डेपोच्या मालकाशी कुठल्या ताकदीने बोलणार? गोदामवाल्यांचा करप्रश्न सुटेल, सोसायट्यांचा पाणीप्रश्न कसा सुटेल? या प्रश्नाला त्या दोन वर्षांत समाधानकारक उत्तर आल्याचे आठवत नाही. विरोध करणाऱ्यांत गावातलेच लोक होते, हेही नोंदवायला हवे, कारण बातम्यांत ‘ग्रामस्थांची मागणी’ एवढेच यायचे. शिवाय ज्या महापालिकेने स्कीमवर खर्च केला ती स्कीम आणि डेपो आपल्याकडे राहावा म्हणत होती. गाव नको, डेपो हवा. याहून स्पष्ट भूमिका तीस वर्षांत कुणी घेतली नव्हती.

सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या दोन महिने आधी, अंतिम अधिसूचना निघाली आणि फुरसुंगी-उरुळी देवाची नगरपरिषद अस्तित्वात आली.

२०२१च्या तेविसांची गोष्ट याच काळात समांतर घडत होती. ३० जूनला गावे आली तेव्हा क्षेत्रफळात पुणे मुंबईच्या पुढे गेले, पाचशे चौरस किलोमीटर ओलांडून राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाले. पण १४ जुलैला, महापालिका आराखड्याचा इरादा जाहीर करण्याच्या बेतात असताना, राज्याने या गावांसाठी २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (पीएमआरडीए) विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. राज्यात सत्ता एकाची, महापालिकेत दुसऱ्याची, हे त्या चौदा दिवसांचे सरळ कारण. परिणाम मात्र पुढे वर्षानुवर्षे टिकला. बांधकाम परवानगी आणि तिचे शुल्क एकीकडे, रस्ता, पाणी आणि मैलापाणी दुसरीकडे. परवानगी देताना ‘पाणी विकसक पुरवेल’ असे हमीपत्र लिहून घेतले जायचे. इमारत ताब्यात आली की हमीपत्र फाइलमध्ये आणि सोसायटी टँकरवर. ग्रामपंचायतींनीही जाता जाता हात धुऊन घेतले. समावेशाच्या तोंडावर झालेली नोकरभरती पुढे चौकशीत सापडली.

जानेवारी २०२५ मध्ये गिया बारे सिंड्रोमचे (जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सिंहगड रस्ता परिसरात वाढू लागले आणि संख्या दोनशेच्या पुढे गेली, तेव्हा सगळ्यांची बोटे नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्याच्या पाण्याकडे वळली. नांदेडच्या विहिरीतून क्लोरिन टाकून, पण शुद्धीकरण प्रकल्पाविना पाणी वाटले जात होते, हे तेव्हा राज्यभर कळले. तिथल्या रहिवाशांना ते आधीपासून माहीत होते. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

करावर तात्पुरती मलमपट्टी २०२४च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर झाली. या गावांतल्या वसुलीला स्थगिती आली आणि ग्रामपंचायतीच्या काळातल्या कराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारू नये असे ठरले. म्हणजे फुरसुंगी-उरुळी देवाची ज्या कारणासाठी बाहेर गेली ते कारण, निदान तात्पुरते, आत राहिलेल्यांसाठीही सौम्य झाले. अंतिम अधिसूचना यानंतरची आहे. कर हेच कारण असेल तर ती काढण्याची निकड तेव्हा किती उरली होती, हा प्रश्न अधिसूचनेच्या वेळी फारसा कुणी विचारला नाही.

नव्या नगरपरिषदेची पहिली निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. महापालिकेची, जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर, १५ जानेवारी २०२६ला. २०२१च्या तेवीस गावांनी नगरसेवक निवडण्याची ही पहिलीच वेळ. साडेचार वर्षे त्यांच्याकडे ना सरपंच होता ना नगरसेवक. १६५ जागांच्या सभागृहात आता त्यांचे प्रतिनिधी बसतात, पण वाघोली असो वा नऱ्हे, बहुतेक ठिकाणी प्रभाग जुन्या हद्दीतल्या वस्त्यांशी जोडून केलेला आहे.