बॉल पायथन जेवत नाही तेव्हा

बॉल पायथन हा लहान चणीचा अजगर पाळणाऱ्यावर कधी ना कधी ही वेळ येतेच. गरम केलेला उंदीर चिमट्यात धरून पुढे करावा आणि सापाने तोंड फिरवावं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बघता बघता महिना उलटतो. साप आपल्या लपायच्या जागेत वेटोळं घालून निवांत असतो आणि माणसाच्या जिवाला मात्र घोर लागतो. कुत्र्यामांजरांच्या सवयीमुळे 'खात नाही म्हणजे आजारी' असं आपण धरून चालतो. इथे तो आडाखा चुकतो आणि काळजीपोटी केलेले उपायच सापाच्या जिवावर उठतात. म्हणून आधी त्याचं शरीर कसं चालतं ते पाहू.

हा साप मूळचा सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. गवताळ माळरानं आणि विरळ झाडी हे त्याचं राहण्याचं ठिकाण. दिवस उंदरांच्या बिळात किंवा वारुळात काढायचा आणि अंधार पडला की बाहेर यायचं. त्याला सरसकट आळशी म्हणतात, ते मला पटत नाही. आग्नेय नायजेरियातल्या जंगली बॉल पायथनच्या अभ्यासात लहान सापांच्या आणि नरांच्या खाण्यात पक्षी जास्त आढळले, तर मोठ्या माद्यांच्या खाण्यात सस्तन प्राणी. पक्षी पकडायचे तर झाडावर चढावं लागतं. म्हणजे हालचाल त्याला जमते, फक्त तो ती उगाच करत नाही. शिकार समोर येईपर्यंत दबा धरून बसणं हीच त्याची जगण्याची रीत आहे.

जेवताना हा साप एकदा तरी नीट बघावा. आधी जीभ बाहेर येते, सावकाश. वास लागला की ती भराभर आत-बाहेर होऊ लागते. डोकं एका जागी स्थिर होतं, मान हळूहळू मागे जाऊन नागमोडी वळते आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झडप पडते. दोन-तीन वेटोळी करकचून आवळली जातात. गळा आवळून श्वास कोंडतो म्हणून भक्ष्य मरतं, असं पूर्वी मानत. 2015 साली बोआ या अशाच आवळून मारणाऱ्या सापावर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की काही सेकंदांतच भक्ष्याचा रक्तदाब कोसळतो आणि रक्ताभिसरणच थांबतं. मग साप वेटोळी सैल करतो, जिभेने चाचपत उंदराचं डोकं शोधतो आणि जबड्याची एक बाजू, मग दुसरी, अशी पुढे सरकवत त्याला गिळतो.

त्याच्या वरच्या ओठावर बारीक खळग्यांची रांग असते. हे खळगे उष्णता टिपतात. 2010 साली संशोधकांनी रॅटलस्नेक, पायथन आणि बोआ यांच्यातल्या उष्णता ओळखणाऱ्या प्रथिनाचा छडा लावला. त्याचं नाव टीआरपीए1. हेच प्रथिन माणसातही असतं, पण आपल्याला त्यातून मोहरीचा झणका जाणवतो. फ्रीजरमधला उंदीर नुसता वितळवून दिला तर कित्येक साप का ढुंकूनही बघत नाहीत, याचं कारण इथे सापडतं. वास येतो, पण ऊब नाही. तोच उंदीर, विशेषतः त्याचं डोकं, जिवंत प्राण्याच्या अंगाइतकं गरम करून द्या, अनेकदा तेवढ्यानेच काम होतं. जिवंत उंदीर सोडण्याचा मोह मात्र टाळावा. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडून गंभीर जखमा करतो.

गिळून झालं की खरं काम सुरू होतं. 1998 साली स्टीफन सेकॉर आणि जेरेड डायमंड या संशोधकांनी बर्मीज पायथनबद्दल जे मांडलं, ते वाचून मी थक्क झालो होतो. मोठ्या जेवणानंतर या सापाचा प्राणवायूचा वापर 44 पटींपर्यंत वाढू शकतो आणि आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं. उपाशी असताना जठरात आम्ल जवळजवळ तयारच होत नाही, आतडं आक्रसतं. जेवण आलं की सगळी यंत्रणा नव्याने उभी राहते, पचन संपलं की पुन्हा आवरली जाते. पुढे बॉल पायथनसह पायथनच्या पाच जाती तपासल्या, तेव्हा हीच पद्धत त्या सगळ्यांत दिसली. बंद दुकानाचं वीजबिल कमी यावं, तसं हे शरीर रिकाम्या पोटी फार थोडक्यात भागवतं.

म्हणून उपास त्याला झेपतो. काही जातींच्या सापांना, त्यात बॉल पायथनही होते, सहा महिन्यांपर्यंत उपाशी ठेवून केलेल्या अभ्यासात काहींनी चयापचयाचा वेग 72 टक्क्यांपर्यंत खाली आणलेला दिसला. विणीच्या काळात प्रौढ नर महिनोन्‌महिने तोंड मिटून असतात. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून साधारण दोन महिने बसते आणि त्या काळात सहसा जेवत नाही. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळसर झाले की बहुतेक साप खाणं नाकारतात. पाणी मात्र कायम भरलेलं हवं. उपास चालू असला तरी तो पाणी पितो.

आता हालचालीबद्दल. जेवलेला साप दोन-चार दिवस उबेला पडून राहिला तर ते ठीकच आहे. अशा वेळी त्याला हातात घ्यायचं नाही, किमान 48 तास तरी. पेटीच्या गरम बाजूला 31 ते 33 अंश आणि थंड बाजूला 25 च्या आसपास तापमान हवं. ऊब कमी पडली तर पचन रेंगाळतं, भक्ष्य पोटातच सडू लागतं आणि साप ते ओकून टाकतो. एकदा ओकला की पुढचं जेवण निदान दोन आठवड्यांनी आणि आधीपेक्षा लहान द्यावं.

उलट, रात्रभर काचेला नाक घासत फिरणारा साप पाहून 'किती खेळकर आहे' असं वाटतं, तिथे मला शंका येते. संध्याकाळनंतर बाहेर येऊन जीभ लपलपवत हळूहळू फेरी मारणं वेगळं, त्यात कुतूहल असतं. रोज न थांबता कडेकडेने धडपडणं बहुतेकदा काहीतरी बिघडल्याचं सांगतं. गरम बाजू फार तापली असेल, लपायला घट्ट जागा नसेल, भूक लागली असेल किंवा नर जोडीच्या शोधात असेल. आधी तापमान मोजा, मग उंदराकडे वळा.

जास्त खाऊ घालणं हाही छळच आहे, आणि तो प्रेमाच्या नावाखाली होतो. प्रौढ सापाला वजनाच्या साधारण 5 टक्के एवढं भक्ष्य दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरतं. पिलांना वजनाच्या 10 ते 15 टक्के, पण जास्त वेळा. एकेक उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढाच असावा. दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याचं वजन करून वहीत लिहून ठेवा. उपासाचं खरं मोजमाप कॅलेंडरवर नसतं, ते या आकड्यांत असतं. दोन महिने न जेवता वजन जिथल्या तिथे असेल तर निश्चिंत राहा. दहा टक्क्यांच्या वर घटलं, पाठीचा कणा धारदार दिसू लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार पशुवैद्य गाठायलाच हवेत. पिलू असेल तर आणखी लवकर.

श्वासाकडे विशेष लक्ष द्या. तोंड उघडून श्वास घेणं, घरघर, तोंडात चिकट लाळ किंवा बुडबुडे ही श्वसनविकाराची लक्षणं आहेत. 2014 साली बॉल पायथनमध्ये निडोव्हायरस ओळखला गेला, तो असाच गंभीर न्यूमोनिया करतो आणि एकापासून दुसऱ्याला लागतो. त्यामुळे नवा साप आणला की काही महिने त्याला वेगळ्या खोलीत ठेवावं. आणि बळजबरीने तोंड उघडून भरवणं घरी कधीच करू नये. त्यात तोंडाला आणि अन्ननलिकेला इजा होते, साप आणखी बुजतो आणि जो उपास आपोआप सुटणार होता तो लांबतच जातो.