पालतू पालींची जोडी लावणे

स्वतंत्रपणे वाढलेल्या दोन पालींना एकाच काचपेटीत आणण्याची आणि त्या वेळी उद्भवणारी आक्रमकता आटोक्यात ठेवण्याची पद्धत. ती मुख्यतः प्रजननासाठी अवलंबिली जाते. पाल हा बहुतांशी एकांतप्रिय व प्रदेशनिष्ठ प्राणी असल्यामुळे तिला सोबतीची गरज असते, हा समज ग्राह्य धरता येत नाही. पुढील विवेचन प्रामुख्याने लेपर्ड गेको (यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) या जातीविषयी आहे. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये वर्णिलेल्या या जातीचा अभ्यास पाळीव पालींमध्ये सर्वाधिक झाला आहे.

दोन प्रौढ नर कधीही एकत्र ठेवत नाहीत. म्हणून जोडी लावण्यापूर्वी लिंगनिश्चिती आवश्यक ठरते. नराच्या अवस्कराच्या (मलमूत्र व प्रजननाच्या सामायिक द्वाराच्या) पुढे मेणचट स्राव असलेल्या ठळक रंध्रांची कोनाकृती ओळ असते आणि शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे दिसतात. पिलांमध्ये ही लक्षणे अस्पष्ट असल्यामुळे ‘दोन माद्या’ म्हणून आणलेल्या जोडीत पुढे एक नर निघतो.

पाली स्वतः मात्र एकमेकींचे लिंग बव्हंशी त्वचेवरील रासायनिक द्रव्यांवरून ओळखतात. रॉबर्ट मेसन व विल्यम गुट्झके या संशोधकांच्या १९९० मधील प्रयोगांत कात टाकत असलेल्या मादीवर नराने प्रतिस्पर्ध्यावर करावा तसा हल्ला केला. कात पडून गेल्यावर त्याच मादीशी तो प्रणयाराधन करू लागला. त्यामुळे त्वचा फिकट, दुधी दिसू लागलेल्या पालीची भेट पुढे ढकलणे इष्ट होय.

आक्रमकतेच्या उगमाविषयी अभ्यासकांत मतभेद झाले आहेत. या जातीत लिंग उबवण-तापमानावर ठरते : सुमारे २६° से. ला बहुतेक माद्या, ३२·५° से. च्या आसपास अधिक नर आणि ३४° से. च्या पुढे पुन्हा बहुतांशी माद्या निपजतात. गुट्झके व डेव्हिड क्रूज यांनी १९८८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात असे मांडले की, उष्ण तापमानात उबलेल्या माद्या नरांप्रमाणे आक्रमक असतात व अंडी घालत नाहीत. त्यांच्या वंध्यत्वाविषयीचे विधान पुढील दशकातील निरीक्षणांमुळे टिकले नाही; तथापि नरबहुल तापमानातील माद्या थंड तापमानातील माद्यांपेक्षा अधिक आक्रमक असतात, या निष्कर्षाला क्रूज व सहकाऱ्यांच्या नंतरच्या कामातून पुष्टी मिळाली. वाढीच्या काळातील गर्दी व अन्नासाठीची चढाओढ यांनाही पाली पाळणारे काही जण तितकेच महत्त्व देतात. दोन्ही कारणे एकत्र संभवतात. परंतु दोन सख्ख्या माद्यांपैकी एकच भांडखोर का निघते, याचा उलगडा तापमानाच्या आधारे अधिक चांगला होतो.

नव्या पालीस प्रथम एक ते तीन महिने विलग ठेवून तिची विष्ठा तपासून घेतात, कारण क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा संसर्ग एका पालीकडून दुसरीकडे सहज जातो आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही. त्यानंतर दोघींच्या पेट्यांतील कागद किंवा लपण्याची खोकी अदलाबदल करून परस्परांचा गंध परिचित करतात. प्रत्यक्ष भेट दोघींनाही अपरिचित असलेल्या पेटीत घडवतात. तसे शक्य नसल्यास पेटीतील मांडणी पूर्णपणे बदलून जुन्या हद्दीच्या खुणा पुसतात. दोन्ही पाली आकाराने जवळपास सारख्या असाव्यात आणि उबदार, थंड व दमट लपणाच्या जागा प्रत्येकीसाठी वेगळ्या असाव्यात.

शेपटीच्या टोकाची जलद थरथर आणि शेपटी उंचावून सावकाश हलवणे यांत गल्लत होऊ देऊ नये : पहिली बहुधा नराच्या प्रणयाराधनाची खूण असते, तर दुसरी हल्ल्याची पूर्वसूचना असते. मीलनप्रसंगी नर मादीची मान किंवा शेपूट दातांत धरतो. त्यातून किरकोळ ओरखडे उमटतात. मात्र पाय उंच ताठ करून पाठ कमानदार करणे, चीत्कारणे, पोटाला वा पायाला चावा घेऊन अंग पिळणे ही झुंजीची लक्षणे असून अशा वेळी पाली तत्काळ वेगळ्या कराव्या लागतात. शेपटी धरून ओढल्यास ती तुटून पडते. म्हणून दोघींमध्ये पुठ्ठा सरकवणे सुरक्षित असते.

याहून घातक ठरते ती मूक आक्रमकता. एक पाल दुसरीच्या अंगावर चढून बसलेली दिसली की जवळीक असल्याचा भास होतो, परंतु पुष्कळदा वरची पाल उबेची जागा बळकावत असते. दबलेली पाल थंड कोपऱ्यात राहते, तिची भूक मंदावते आणि मेद साठवणारी शेपूट बारीक होत जाते. प्रत्येक पालीचे दर आठवड्याला वजन केल्यास ही घट चावे दिसण्याच्या बरीच आधी लक्षात येते. अशी जोडी कायमची वेगळी करणे हाच उपाय होय. काही दिवसांनी पुन्हा एकत्र आणल्यास भांडण सहसा नव्याने सुरू होते. जखमी पालीस स्वच्छ कागद अंथरलेल्या पेटीत ठेवून पशुवैद्यास दाखवतात.

इतर जातींत तपशील बदलतात. क्रेस्टेड गेकोची तुटलेली शेपूट पुन्हा येत नाही. दिवाचर फेल्सुमा पालींची जमलेली जोडी थोडा काळ विलग केली, तरी पुनर्भेटीत झुंज होऊ शकते. नराविना प्रजनन करणारी लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस ही जात समूहाने ठेवता येते, मात्र तिच्यातही वर्चस्वाची उतरंड आढळते.