रिसोत्तो

रिसोत्तो : उत्तर इटलीतील भाताचा प्रकार. ठेंगण्या, जाड दाण्याचा तांदूळ लोण्यात परतून, त्यावर उकळते सूप थोडेथोडे घालत शिजवला की सायीसारखा दाट, चमच्यावरून सावकाश ओघळणारा भात होतो, तोच रिसोत्तो. ‘रीसो’ म्हणजे तांदूळ, त्यावरून हे नाव पडले. हॉटेलांत यात बऱ्याचदा क्रीम ओततात. मूळ पदार्थाला त्याची गरजच नाही. ही साय तांदळाच्या अंगचीच असते. ती बाहेर काढायची आणि तरी दाणा मोडू द्यायचा नाही, हेच सारे कसब.

पिएमाँते, लोम्बार्दी आणि व्हेनेतो हे पो नदीच्या खोऱ्यातले प्रांत म्हणजे रिसोत्तोचे माहेर. मिलानच्या ड्यूकने १४७५ मध्ये फेराराच्या ड्यूकला भाताचे बियाणे पाठवल्याचे पत्र प्रसिद्ध आहे. १८६६ मध्ये कावूर कालवा पूर्ण झाला आणि व्हेर्चेल्ली-नोव्हारा भागातली भातखाचरे पाण्याने भरली. या खाचरांत गुडघाभर पाण्यात वाकून लावणी-बेणणी करणाऱ्या बायकांना ‘मोंदीने’ म्हणत. रिसोत्तोच्या गोष्टीत स्वयंपाक्यांइतकेच त्यांचेही नाव घ्यायला हवे.

तांदळाच्या पिठूळपणात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. दाण्याच्या पृष्ठभागावरचा पिठूळ अंश सूपात उतरून दाटपणा येतो, तर अमायलोज जास्त असलेला दाणा शिजूनही आपला आकार धरून राहतो. म्हणूनच जाणकार कार्नारोलीला पहिली पसंती देतात. हे वाण १९४५ मध्ये मिलानजवळ तयार झाले. आर्बोरिओ सहज मिळतो, पण मिनिटभर जास्त शिजला तर आसट होतो. व्हेरोनाकडे लहान दाण्याचा व्हियालोने नानो वापरतात. आपल्याकडचा बासमती इथे चालत नाही, तो मोकळा राहण्यासाठीच नावाजलेला. घरात दुसरे काही नसेल तर मावळातला इंद्रायणी घ्यावा. चव निराळी येते, पण चिकटपणा कामाला येतो.

तांदूळ धुवायचा नाही. मराठी हाताला हे जड जाते, पण धुतलेल्या पाण्याबरोबर सायच वाहून जाते. चौघांना ३२० ग्रॅम तांदूळ आणि सव्वा लिटरपर्यंत सूप लागते. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात लोण्यावर बारीक चिरलेला कांदा मऊ करावा, तांबूस होऊ देऊ नये. मग तांदूळ दोन-तीन मिनिटे परतावा. दाणे हाताला चटका देण्याइतके गरम झाले आणि त्यांच्या कडा काचेसारख्या दिसू लागल्या की अर्धी वाटी पांढरी वाइन घालून आटवावी. वाइन नको असेल तर शेवटी थोडे लिंबू पिळावे. त्यानंतर शेजारच्या शेगडीवर उकळत असलेले सूप डावाडावाने घालावे, पहिले आटत आले की दुसरे. गार सूप घातले तर शिजणे थांबते. सतत ढवळायची गरज नाही, अधूनमधून हलवत राहावे. सोळा-अठरा मिनिटांत दाणा बाहेरून मऊ होतो आणि दाताला आत किंचित कणी लागते. आपल्या भातात कणी राहणे हा दोष, इथे मात्र तीच खूण.

साय खरी धरते ती आच बंद केल्यावर. मिनिटभर थांबून गार लोण्याचे तुकडे आणि किसलेले पार्मेजान चीज घालून भात जोरात घोटतात. याला ‘मांतेकातुरा’ म्हणतात. लोणी गारच हवे. ते हळूहळू वितळते आणि पिठूळ रसात एकजीव होते, नाहीतर तूप सुटून वर तरंगते. ताटली हलवली की भात लाटेसारखा पसरला पाहिजे. ढीग करून उभा राहिला तर एक डाव सूप आणखी घालावे. शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावे की अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते. वनस्पतिजन्य विरजणाचे कठीण चीजही बाजारात मिळते.

मिलानचा केशरी रिसोत्तो सर्वांत प्रसिद्ध. कॅथीड्रलच्या रंगीत काचा करणाऱ्या कारागिराच्या शिष्याने १५७४ मध्ये लग्नाच्या भातात केशर टाकले, अशी दंतकथा सांगतात. व्हेनिसकडे माकुळाच्या शाईने काळाभोर केलेला रिसोत्तो असतो, तर पिएमाँतेत बारोलो वाइनमध्ये शिजवलेला. उरलेला रिसोत्तो पुन्हा गरम केला की गिचका होतो. म्हणून मिलानमध्ये दुसऱ्या दिवशी तो तव्यावर लोण्यात पातळ थापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजतात.