पेंटेकॉस्ट : सण आधीपासूनच होता

पेंटेकॉस्टच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा (देवाचा आत्मा) उतरल्याची आठवण करण्याच्या रविवारी, चर्चमध्ये बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला दुसरा अध्याय वाचतात. त्याच्या पहिल्याच ओळीतली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. पवित्र आत्मा उतरला म्हणून तो दिवस सणाचा झाला असे नाही. सणासाठी यरुशलेम यात्रेकरूंनी गजबजले होते, तेव्हाच तो उतरला.

तो सण यहुद्यांचा शावुओत, म्हणजे सप्ताहांचा सण. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या सुमारास नव्या पिकाची पहिली पेंढी परमेश्वरापुढे आणायची, तिथून सात आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी अर्पण करायच्या, असे बायबलच्या लेवीय या पुस्तकाचा २३वा अध्याय सांगतो. ग्रीक भाषेत पन्नासावा म्हणजे ‘पेंटेकोस्टे’; नाव तिथूनच आले. वल्हांडणात घरात खमीर ठेवायलाही मनाई, या भाकरी मात्र खमीर घालूनच भाजायच्या. माणसे रोज खातात तीच भाकर देवापुढे ठेवायची, हे मला फार मोलाचे वाटते.

त्याच उताऱ्यात लगेच पुढची आज्ञा येते : शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. अशाच शेतात सरवा वेचणाऱ्या रूथची, मवाब देशातून आलेल्या परक्या बाईची कथा शावुओतला वाचण्याची प्रथा आहे. पुढे रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या परंपरेत हा दिवस सीनाय पर्वतावर मोशेला देवाचे नियमशास्त्र मिळाल्याचा मानला गेला. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, अर्पणे थांबली. मग सणाचा हाच अर्थ ठळक झाला.

सीनायवर परमेश्वर अग्नीतून उतरला होता. यरुशलेमात सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद झाला, अग्नीच्या जिभा शिष्यांवर स्थिरावल्या आणि पार्थी, मेदी, एलामी, मिसर-रोमहून आलेले, सगळ्यांना देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकू आली. शिष्यांपैकी पेत्राने जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याचे वचन सांगितले : आत्मा सर्वांवर ओतला जाईल, मुलांवर, मुलींवर, दासदासींवरही. त्या दिवशी सुमारे ३,००० जणांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती मंडळी तो आपला जन्मदिवस मानते.

योएलाच्या वचनातल्या त्या मुली महाराष्ट्राने केडगावला पाहिल्या. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात १९०५ साली आत्मिक जागृती झाली, ती तिथल्या मुली आणि विधवांमध्ये. पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात म्हणून ओळखली जाणारी लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची जागृती त्यानंतरच्या वर्षीची. रमाबाईंनी पुढची वर्षे हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत बायबल उतरवण्यात घातली. १९२२ साली मृत्यू आला तोवर ते काम त्यांनी पुरे केले होते.