बायरन बेला निघण्याआधी घड्याळाचं एवढं वाचा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बायरन बे या ऑस्ट्रेलियातल्या समुद्रकाठच्या गावाची चौकशी आमच्याकडे दोन प्रकारच्या घरांतून येते. पहिली, मुलगा-सून किंवा लेक-जावई सिडनीला स्थायिक झालेल्या आई-वडिलांची. ऑपेरा हाऊस आणि ब्लू माउंटन्स पाहून झाले की त्यांना चार दिवस समुद्रकाठी निवांत काढायचे असतात. दुसरी, शाळकरी मुलांना गोल्ड कोस्टचे थीम पार्क दाखवायला निघालेल्या कुटुंबांची; त्यांना मधला एक दिवस बायरनला द्यायचा असतो. दोन्ही बेत चांगले आहेत. व्हिसा, विमा, फॉरेक्स कार्ड याबद्दल आपण फोनवर बोलतोच, त्यामुळे ते इथे पुन्हा लिहीत नाही. हे पत्रक मुख्यतः दोन राज्यांच्या घड्याळांतल्या एका तासाच्या फरकासाठी आहे. या तासापायी बुकिंग वाया जातात, विमानं सुटतात आणि सुट्टीचा अख्खा दिवस विमानतळावर जातो.

आधी गाव कुठे आहे ते बघा. बायरन बे न्यू साउथ वेल्स राज्याच्या अगदी उत्तर टोकाला आहे. सिडनी याच राज्यात असली तरी रस्त्याने साडेसातशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे गाडी चालवणाऱ्याचा अख्खा दिवस. शेजारच्या क्वीन्सलँड राज्याची हद्द मात्र तासाभरात येते. गावाला दोन विमानतळ सोयीचे. दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर बॅलिना आहे, ते न्यू साउथ वेल्समध्येच. उत्तरेला तासाभराच्या अंतरावर गोल्ड कोस्टचा विमानतळ आहे, कूलंगॅटाला, म्हणजे क्वीन्सलँडमध्ये. त्याची धावपट्टी दोन राज्यांची हद्द ओलांडून जाते, पण विमानतळाचं सगळं कामकाज बारा महिने क्वीन्सलँडच्या वेळेनेच चालतं.

घोळ इथेच सुरू होतो. न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. क्वीन्सलँडने तीन वर्षं हा प्रयोग करून पाहिला आणि १९९२ साली जनमत घेऊन तो नाकारला. त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल बायरनला सकाळचे दहा वाजलेले असताना तासाभरावरच्या कूलंगॅटाला नऊच वाजलेले असतात. एप्रिल ते ऑक्टोबर दोन्हीकडे घड्याळ सारखंच. आपल्या हिशेबात सांगायचं तर दिवाळीत आणि नाताळात तासाचा फरक असतो, मेच्या सुट्टीत नसतो.

वाचायला हे सोपं वाटतं. चुका होतात त्या पुढच्या तीन ठिकाणी.

पहिली, गोल्ड कोस्टला राहून बायरनला दिवसभरासाठी जाणाऱ्यांची. दिवाळीत सकाळी आठला हॉटेल सोडलं, तासाभरात पोहोचू, साडेनऊच्या कयाकला (वल्ह्यांच्या छोट्या होडीच्या सफरीला) अर्धा तास हातात राहील असा हिशेब असतो. प्रत्यक्षात गाडी लावेपर्यंत बायरनच्या घड्याळात दहा वाजून गेलेले असतात आणि कयाकवाले केव्हाच पाण्यात उतरलेले असतात. वेळेवर न आलेल्यांना पैसे परत मिळत नाहीत, आणि त्यात त्यांचंही काही चुकत नाही.

दुसरी चूक मे महिन्यातली, आणि ती जास्त महाग पडते. कुणीतरी नातेवाईक सांगतो, किंवा इंटरनेटवर वाचलेलं असतं, की क्वीन्सलँड एक तास मागे आहे. परतीचं विमान गोल्ड कोस्टहून अकराचं असतं. मंडळी म्हणतात, म्हणजे इथल्या, बायरनच्या घड्याळाने बारा, सावकाश नाश्ता करून निघू. पण मेमध्ये फरकच नसतो. पावणेअकराला विमानतळावर पोहोचलात तर सामान घ्यायचं काउंटर बंद झालेलं असतं. आमच्या एका ग्राहक कुटुंबाचं असंच झालं. आजी-आजोबांसह सगळे दिवसभर तिथे बसून होते आणि संध्याकाळच्या विमानाची नवी तिकिटं काढून निघाले. सिडनीहून मायदेशी येणारं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं म्हणून निभावलं. घरी परतायच्या विमानाच्या आदला दिवस आम्ही नेहमी सिडनीत मोकळा ठेवतो, तो यासाठीच.

तिसरी चूक हुशार माणसांकडून होते. विमान कंपनीच्या ॲपमधून तिकीट फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकलं की बरेच फोन वेळ आपणहून बदलून दाखवतात. दिवाळीत बायरनला बसून कॅलेंडर उघडलं, तर अकराचं विमान बाराला दिसतं, आणि ते बरोबरही असतं. फरक ठाऊक असलेला माणूस मात्र त्यात स्वतःहून आणखी एक तास मिळवतो आणि एकच्या हिशेबाने निघतो.

म्हणून आम्ही दिलेल्या आयटिनररीत, म्हणजे प्रवासाच्या वेळापत्रकात, प्रत्येक वेळेपुढे ती कोणत्या राज्याची आहे ते छापलेलं असतं. हद्द ओलांडायच्या दिवशी तर दोन्ही वेळा शेजारी शेजारी असतात. काही ग्राहकांना कागद त्यामुळे किचकट वाटतो, साधा करून द्या म्हणतात. तो तसाच राहू दे, ही विनंती. त्यातल्या वेळा लावून झालेल्या आहेत. त्यात आपण काही मिळवू नका, वजा करू नका. हॉटेलमधून निघायची वेळ लिहिली आहे, त्या वेळेला निघा. शंका आली तर व्हॉट्सॲप करा. दिवाळीत बायरन आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं आणि मेमध्ये साडेचार, तेव्हा तिथल्या पहाटे आम्ही झोपेत असू. एरवी उत्तर लवकर मिळेल.

फोनचं एक काम निघण्याआधी घरीच करून ठेवा. कूलंगॅटा आणि ट्वीड हेड्स ही एकमेकांना चिकटलेली गावं आहेत, एक क्वीन्सलँडमध्ये आणि दुसरं न्यू साउथ वेल्समध्ये. मधल्या रस्त्याच्या या कडेचा फोन त्या कडेच्या टॉवरला लागतो. त्यामुळे रात्री उशाशी ठेवलेल्या फोनचं घड्याळ सकाळपर्यंत तासाने सरकलेलं असू शकतं, आणि गजर त्याच घड्याळाने वाजतो. फोनच्या सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ उघडून ‘आपोआप वेळ’ बंद करा. बायरनला असाल तेव्हा सिडनी निवडा, गोल्ड कोस्टला असाल तेव्हा ब्रिस्बेन. शिवाय जागतिक घड्याळात ही दोन्ही शहरं एकाखाली एक लावून ठेवा. घरातल्या ज्येष्ठांना आम्ही मनगटी घड्याळ घालून जायला सांगतो. ते टॉवर बघून वेळ बदलत नाही.

सिडनीहून फक्त बायरनसाठी जाणाऱ्यांना आम्ही बॅलिनाचं तिकीट सुचवतो. विमान सव्वा तासाचं, राज्य तेच, घड्याळही तेच. गोल्ड कोस्टची विमानं जास्त असतात आणि बरेचदा स्वस्तही पडतात, त्यामुळे बॅलिना का, हा प्रश्न येतो. टॅक्सी किंवा शटलचं भाडं आणि लागणारा वेळ धरून आम्ही दोन्ही हिशेब लिहून देतो, निवड तुमची. रेल्वेबद्दलही विचारणा होते. बायरनवरून जाणारी रेल्वे २००४ साली बंद झाली. आता सिडनीहून कसिनो नावाच्या गावापर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने जावं लागतं. वयस्कर मंडळींना आम्ही ते सुचवत नाही.

पोहोचल्यावरची दुपार आम्ही मोकळी का ठेवतो

‘पहिला अर्धा दिवस वाया घालवलात’ हे आम्हाला नेहमी ऐकावं लागतं. पण हायवेवरून गावात शिरायला मुख्य रस्ता एकच, युइंग्सडेल रोड, आणि सुट्टीच्या दिवसांत त्यावर गाड्यांची रांग लागते. विमानाला उशीर, त्यात ही रांग, त्यात तासाचा फरक असं सगळं एकत्र आलं तर दुपारी तीनची बोट हमखास चुकते. ती दुपार मेन बीचवर काढा, जॉन्सन स्ट्रीटवर हिंडा, खोलीवर वरण-भात लावा. खरा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो.

ती सकाळ केप बायरनची. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं हे सर्वांत पूर्वेकडचं टोक. १७७० मध्ये कॅप्टन कुकने जॉन बायरन या दर्यावर्दीचं नाव त्याला दिलं. त्याआधीपासून ही भूमी बुंजलुंग लोकांपैकी अराक्वालांची आहे. पांढरं दीपगृह १९०१ सालचं. तिथे जाऊन परत येणारी पायवाट पावणेचार किलोमीटरच्या आसपास आहे. ती रानातून, वॅटेगोज बीचच्या वरून आणि कड्याच्या कडेने जाते आणि तिला पायऱ्याही बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीने वर जावं, पार्किंगचे पैसे पडतात. पायवाटेवर काळं, लाल डोक्याचं रानटर्की आडवं येतं. खाण्याची पिशवी खाली ठेवलीत तर ते ती उचकतं. सूर्योदय बघायचा तर डिसेंबरात तो पावणेसहाच्या सुमाराला होतो आणि जूनमध्ये साडेसहा वाजून गेल्यावर. डिसेंबरात गोल्ड कोस्टला मुक्काम करून हा सूर्योदय गाठायचा म्हणजे तिथल्या घड्याळाने साडेतीनच्या आधी निघावं लागेल. एक रात्र तरी बायरनला राहा, असं आम्ही सांगतो ते यामुळे. आमच्या मते तीन रात्री उत्तम, दोन चालतील.

कोणत्या सुट्टीत जावं

आम्हाला विचाराल तर दिवाळीत. उत्तरेकडच्या उबदार पाण्यात गेलेले हंपबॅक देवमासे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे परततात आणि बरेचदा किनाऱ्याच्या जवळून जातात. केपवर शांत उभं राहिलं की आधी पाण्यावर धुरासारखा फवारा दिसतो आणि मग काळी पाठ. १९५४ ते १९६२ या काळात याच गावातून देवमाशांची शिकार चालत असे. आज इथल्या बोटी ते दाखवायला निघतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाणाऱ्यांना मात्र आम्ही देवमाशांचं वचन देत नाही, त्यांचा उत्तरेकडचा प्रवास जून-जुलैमध्ये भरात असतो. मेमध्ये हवा सुखद असते पण पावसाची शक्यता राहते. तिथला कोरडा काळ ऑगस्ट-सप्टेंबर. नाताळ ते जानेवारीअखेर तिथल्या शाळांची मोठी सुट्टी असते, भाडी खूप चढतात आणि बऱ्याच ठिकाणी सलग काही रात्री घ्याव्याच लागतात. नाताळात जायचं असेल तर गणपतीच्या आधी आमच्याकडे या. नोव्हेंबरच्या शेवटी बारावी संपवलेली मुलं गोल्ड कोस्टला आणि बायरनलाही झुंडीने येतात. निवांतपणा हवा असेल तर तो आठवडा सोडून द्या.

समुद्राबद्दल आम्ही कडक आहोत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरा. झेंडे नसतील त्या किनाऱ्यावर, आणि विशेषतः टॅलो बीचवर, गुडघ्याच्या वर पाणी नको. वर शांत दिसणाऱ्या पाण्यातच परतीचा ओढा असतो आणि तो माणसाला आत घेऊन जातो. अडकलात तर त्याच्याशी झुंजू नका, तरंगत राहा आणि हात वर करा. मदतीसाठी क्रमांक ०००.

गाडी भाड्याने घेणार असाल तर सात वर्षांखालील मुलांना कायद्याने बालआसन लागतं. मुलांची वयं आम्हाला आधी कळवा, ऐन वेळी आसन मिळेलच असं नाही. सिडनीपासून गाडीनेच जायचं असेल तर एक रात्र कॉफ्स हार्बरला काढा. पुढे वूलगूल्गाला १९६८ सालचं गुरुद्वारा आहे, रस्त्यावरच म्हणा ना.

फराळाचं विमानतळावर सगळं जाहीर करा. घरचं आहे, थोडंच आहे, तरीही प्रवासी कार्डावर ‘हो’ लिहा. पेढे, बर्फी आणि दुधाची इतर मिठाई नेता येत नाही. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो आणि व्हिसावरही बेतू शकतं. आम्ही स्वयंपाकघर असलेली घरं निवडतो. तूरडाळ आणि कणीक गोल्ड कोस्टच्या किंवा ब्रिस्बेनच्या भारतीय दुकानांतून घेता येते. बायरनमध्ये शाकाहारी माणसाची बाहेर खाण्याचीही चांगली सोय आहे.

चौकशी करताना एवढं एकदम कळवलंत तर पहिला आराखडा लवकर देता येतो: जायचे-यायचे दिवस, सिडनीहून जाणार की गोल्ड कोस्टहून, बरोबर कोण कोण आणि त्यांची वयं, गाडी कोण चालवणार, आणि कुणाचे गुडघे दुखतात का. विमानाचं तिकीट स्वतः काढणार असाल तर पैसे भरण्याआधी त्याच्या वेळा आम्हाला एकदा दाखवा. त्या तपासून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही, बाकीचं बुकिंग आमच्याकडे केलं नाहीत तरीही.