विमानातली घाण आकाशातून खाली टाकत नाहीत

जुन्या रेल्वे डब्यांतल्या शौचालयांची घाण थेट रुळांवर पडायची. त्यामुळे विमानातलीही हवेत सोडून देतात, हा समज अजून पक्का आहे. तसं अजिबात होत नाही. शौचालयातलं बटण दाबलं की झडप उघडते आणि सगळं खेचलं जाऊन टाकीत जातं. दचकवणारा तो आवाज आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा. उंचावर बाहेरचा दाब इतका कमी असतो की पंपही लागत नाही. टाकी रिकामी करायची सोय वैमानिकाकडे नसतेच. तिचं तोंड विमानाच्या बाहेरच्या अंगाला असतं. उतरल्यावर कर्मचारी नळी जोडून गाडीत उपसा करतात. क्वचित टाकीच्या तोंडाची झडप गळून बाहेर निळा बर्फ (निळ्या जंतुनाशकासह गोठलेली घाण) साचतो आणि तुटून पडतो, हे मात्र खरं. आणि हात धुतलेलं पाणी? ते बऱ्याच विमानांतून खरोखरच बाहेर सोडतात, गोठू नये म्हणून तापवलेल्या नळीतून.