छाटणीत मोडलेल्या फांदीनंतरची निगा

छाटणी करताना फांदी कापून पूर्ण होण्याआधीच स्वतःच्या भाराने मोडली आणि जाताना खोडाची साल सोलून घेऊन गेली, तर त्या जखमेवर करायचे उपचार व पुढची देखभाल. कारण बहुधा ठरलेले असते: जड फांदी खोडालगत, वरच्या बाजूने, एकाच दमात कापणे. करवत निम्म्याच्या पुढे गेली की उरलेल्या लाकडाला भार पेलवत नाही. फांदी कलते आणि बुडाखालची साल, कधी लाकडाच्या चिरफळीसकट, खोडावरून खाली ओढत नेते.

प्राण्याच्या जखमेत मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात. झाडात इजा झालेले लाकूड जिथल्या तिथे राहते; झाड त्याला आतून कोंडते आणि बाहेरून नव्या लाकडाने झाकते. अमेरिकी वनसेवेतले ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये या कोंडण्याचे चार भिंतींचे प्रतिमान मांडले. ते ‘कॉडिट’ या नावाने ओळखले जाते. रसवाहिन्या वर-खाली बुजवणारी भिंत यांत सर्वांत कच्ची, म्हणून कूज खोडात उभी लांब पसरते. सर्वांत पक्की भिंत इजेनंतर कँबियम, म्हणजे साल आणि लाकूड यांमधला वाढीचा पातळ थर, तयार करतो. तिच्या बाहेरचे, पुढे वाढलेले लाकूड त्या कुजीपासून सुरक्षित राहते. आतून पोकळ झालेले झाड वर्षानुवर्षे हिरवे दिसते ते याच भिंतीमुळे.

उपचाराची सुरुवात लोंबणारा तुकडा उतरवण्यापासून होते. तो हाताने ओढू नये, साल आणखी फाटते. दोराने आधार देऊन आधी खोडापासून ३०–४५ सेंमीवर खालून सुमारे एक तृतीयांश काप घ्यावा, मग थोडे बाहेरच्या अंगाला वरून कापून भार उतरवावा. उरलेला खुंट शेवटी फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढावा. हे कडे, म्हणजे कॉलर, खोडाच्या ऊतींचे असते आणि जखम झाकणारी वाढ तिथूनच येते. ते तासून खोड गुळगुळीत करणे दिसायला नेटके, पण झाडाला महागात पडणारे. लांब खुंट ठेवणेही चूक. तो वाळतो, कुजतो आणि त्यावरून साल चढत नाही.

सोललेल्या भागाच्या कडा धारदार, अल्कोहोलने पुसलेल्या चाकूने साफ कराव्यात. लाकडापासून सुटलेली साल तेवढी काढायची, घट्ट चिकटलेली तसूभरही नाही. जखमेला रेखीव लंबगोल आकार देण्याचा सल्ला जुन्या पुस्तकांत मिळतो. त्यापायी जिवंत साल बळी देण्यात अर्थ नाही. साल नुकतीच सुटून लोंबत असेल आणि आतून ओली असेल, तर ती लगेच जागेवर दाबून बारीक खिळे ठोकून किंवा पट्टीने बांधून पाहता येते. काही आठवड्यांत बांधणी सोडायची, नाहीतर वाढत्या खोडाला काच बसतो.

डांबर, ऑइलपेंट, शेण-माती यांचा लेप कूज थांबवत नाही. उलट ओल आत कोंडून राहू शकते. जखम उघडी ठेवणे हाच सामान्य नियम. अपवाद थोडे, पण खरे आहेत: ओकच्या मर रोगाच्या प्रदेशात, रोगवाहक कीटकांच्या हंगामात ताजा काप लगेच रंगवतात. फळबागांत बोर्डो पेस्टचा वापर रूढ आहे. ती बुरशीनाशक आहे, जखम भरणारे औषध नव्हे.

पुढच्या हंगामात झाडाला पाणी कमी पडू देऊ नये. बुंध्याला न टेकणारे ५–१० सेंमी जाडीचे आच्छादन घालावे. नत्रयुक्त खताचा मारा आणि ‘आता तोल साधू’ म्हणून केलेली दुसऱ्या बाजूची छाटणी, दोन्ही टाळावीत. पानेच कमी झाली तर जखम झाकायला लागणारे अन्न येणार कुठून? जखमेभोवती फुटलेले पाणसोट, म्हणजे सरळ वाढणारे कोवळे फुटवे, हेही सगळे एकदम खुडू नयेत. अचानक उन्हात आलेल्या पातळ सालीला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग पातळ करून लावतात.

जखम खोडाच्या घेराच्या पाव भागापर्यंत असेल तर निरोगी झाड सहसा ती झाकते. सोललेला भाग निम्म्याहून अधिक असेल, तर भरवसा धरता येत नाही. कडेने कॅलसची, म्हणजे जखम झाकणाऱ्या नव्या ऊतीची, गोल वळी सरकू लागली की झाड कामाला लागले. जखमेतून बुरशीची छत्रे बाहेर आली किंवा दुबेळके (खोडाला दोन फांद्या फुटतात ती जागा) फाटत खाली गेले असेल, तर वृक्षतज्ज्ञाकडून खोड तपासून घ्यावे. खाली माणसांची ये-जा असेल तर विलंब न लावता.